टीचरबाईंचा पियानो

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघांनी हॉलमधलं कपाट हातभर डावीकडे सरकवलं आणि मोकळ्या झालेल्या भिंतीला टेप लावली. ४ फूट १० इंच. पियानो ४ फूट ९ इंच. म्हणजे बसत होता. पलंगावर तसबीह घेऊन बसलेल्या अम्मींनी टेपकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आणि गच्ची?"

प्रश्न रास्त होता. आमची गच्ची दोन पावसाळे गळत होती. गेल्या वर्षी तर अम्मींच्या पलंगाशेजारी बादली ठेवून रात्र काढावी लागली होती. मृग लागायच्या आत काम उरकायचं म्हणून ६५ हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते आणि घरात त्या पैशांना 'गच्चीचे पैसे' असंच नाव पडलं होतं. त्यातले २५ हजार पियानोला द्यायचे, असा आमचा विचार चालला होता. तो आणायचा, वर चढवायचा आणि सुरात लावायचा खर्च वेगळा.

पियानो टीचरबाईंचा. त्या मिरजेतच एका शाळेत गाणं शिकवून निवृत्त झाल्या. आमची लेक पाचवीत असल्यापासून त्यांच्याकडे जाते. आता आठवीत आहे. टीचरबाईंचे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन डॉक्टरांच्या घरातून त्यांनी तो पियानो विकत घेतला आणि पगारातून हप्त्यांनी पैसे फेडले. टीचरबाई त्याच्यावर शिकल्या आणि मिरजेतली कितीतरी मुलं त्यांनी त्याच्यावर शिकवली. आता मुलगा त्यांना बेंगळुरूला नेतो आहे. चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. तिथं पियानो जाणार नाही.

हायवेवरच्या एका हॉटेलवाल्यानं त्यांना ५० हजार देऊ केले होते. रिसेप्शनला ठेवायला. "वर फुलदाणी ठेवणार आहे म्हणे," टीचरबाई आम्हाला सांगत होत्या, "आणि झाकणाला कुलूप, म्हणजे गिऱ्हाइकांची पोरं हात लावणार नाहीत. तुमची मुलगी वाजवणार असेल तर पंचविसाला न्या. वाजता राहील."

निम्मी किंमत, आणि ती कशासाठी निम्मी तेही त्यांनी सांगून टाकलं होतं. घरी येताना रिक्षात आम्ही दोघंही गप्प होतो आणि लेक मधे बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

घरात तिच्याकडे ६१ पट्ट्यांचा एक कीबोर्ड होता. त्याच्या पट्ट्या रिमोटच्या बटणांसारख्या हलक्या. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. टीचरबाईंकडे ती ८८ पट्ट्यांसमोर बसायची तेव्हा तिची बोटंच वेगळी दिसायची. पट्टी दाबली की आत लोकरीच्या नमद्याची हातोडी तारेवर जाऊन आपटते आणि लगेच मागे येते. हळुवार दाबली तर हळुवार, त्वेषानं दाबली तर त्वेषानं. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७००च्या सुमारास हीच करामत साधली आणि त्या वाद्याला नाव पडलं तेच मुळी 'हळू आणि मोठ्यानं' या अर्थाचं. आमच्या पिढीला पियानो म्हटलं की १९४९च्या 'अंदाज'मधला पियानोपाशी बसलेला दिलीपकुमार आठवतो. लेकीला अर्थातच त्याचं काही नाही. तिला फक्त चौथ्या ग्रेडची तयारी करायची होती आणि कीबोर्डवर ती होत नव्हती.

आता मिरजेत राहून वाद्याचं वावडं सांगणं अवघडच. इथले सतार आणि तंबोरे देशभर जातात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. ती घडवणारी घरं बहुतेक मुसलमानांची; मूळचे शिकलगार, तलवारींना धार लावणारे, पुढं तारा लावणारे झाले. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांची कबर मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसात तिथं आजही गाणं होतं. तरीसुद्धा घरात पियानो येतोय म्हटल्यावर नात्यात दोन तट पडले. एका चुलत सासऱ्यांनी फोन करून अर्धा तास समजावलं. उलेमांमध्येही याविषयी मतभेद आहेत आणि त्यात निवाडा देण्याएवढे आम्ही मोठे नाही. आम्ही आमच्या घरापुरतं ठरवलं होतं: अजान झाली की झाकण बंद, नमाज टाळून सराव नाही, रात्री नऊनंतर शेजाऱ्यांची झोपमोड नाही. फोनवर आम्ही "जी, जी" म्हणत राहिलो.

पण अम्मींची हरकत ही नव्हती, हे आम्हाला उशिरा कळलं. अम्मींचं माहेर सतारमेकर गल्लीतलं. लाकडाचा भुसा आणि लाखेचा वास यातच त्या वाढल्या. त्या म्हणाल्या, "वाद्य वाईट म्हणून नको म्हणत नाही मी. वाद्य माणसाला खातं. उन्हाळ्यात चिरतं, पावसाळ्यात फुगतं. आज तार, उद्या खुंटी. माझ्या अब्बांनी जन्मभर दुसऱ्यांची वाद्यं सांभाळली. आमच्या घरात वाजवायला एक नव्हतं, कारण ठेवलं की ते विकून खायची वेळ यायची." मग थोड्या वेळानं, "घ्यायचंच असेल तर आधी भाईला दाखवा."

भाई म्हणजे आमचे मामू. सत्तरी ओलांडली तरी रोज दुकानात बसून तंबोऱ्यांची जवारी काढतात. पियानो त्यांनी आयुष्यात कधी उघडून पाहिला नव्हता. तरी रिक्षातून उतरले, टीचरबाईंना सलाम केला आणि म्हणाले, "बाई, याचं पोट बघू का?" टीचरबाई हसल्या आणि त्यांनी पुढची फळी काढून दिली.

आत एक मोठी बिडाची चौकट, सोनेरी रंग दिलेली. तिच्यावर सव्वादोनशेच्या आसपास तारा. वरच्या बारीक पोलादी, खालच्या जाड, तांब्याची तार गुंडाळलेल्या. मामू बराच वेळ नुसते बघत राहिले. "चार तारांच्या तंबोऱ्याला माणसाचा जन्म पुरत नाही," ते म्हणाले, "आणि इथं ही पलटण!" खालच्या कोपऱ्यात एक १५ वॉटचा बल्ब लोंबत होता. पावसाळ्यात टीचरबाई तो रात्रंदिवस चालू ठेवायच्या. आत ऊब राहते, नमदा दमट होत नाही, तारा गंजत नाहीत. मामूंनी त्या बल्बकडे पाहून मान डोलावली. अशा युक्त्या त्यांना कळतात.

मग त्यांनी मोबाइलवरचा तंबोरा लावला, एक पट्टी दाबली आणि आमच्याकडे वळले. "पांढरी सहा दाबली. काळी चार बोलली." म्हणजे अख्खा पियानो अर्ध्या स्वरानं उतरला होता. आपसांत सूर जुळलेले होते, म्हणून आम्हाला इतकी वर्षं कळलं नव्हतं. पाठीमागच्या लाकडावर त्यांनी बोटांनी टकटक केलं, कान लावला. "लाकूड बोलतंय. पण या लोखंडी खुंट्या ज्यात ठोकल्यात, त्याचं मला कळत नाही. ज्याला कळतं त्याला बोलवा. मी खोटं हो म्हणणार नाही."

त्या विद्येचा माणूस पुण्याहून बोलवावा लागला. चार हजार रुपये फी आणि येण्याजाण्याचं भाडं, आमच्याकडून. एका शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं ते उतरले, नाश्ता करून थेट टीचरबाईंकडे. त्यांनी सगळ्या फळ्या उतरवल्या, टॉर्च घेतला आणि जमिनीवर आडवे झाले. कुणी जुना पियानो घेण्याच्या विचारात असेल त्यांनी हे पाहायला हवं होतं, कारण आम्ही तोवर काय पाहिलं होतं? पॉलिश. लंडनच्या कंपनीचं सोनेरी नाव. आणि ४ फूट ९ इंच.

त्यांनी आधी आतला नंबर पाहून वय काढलं, शंभरीच्या आसपास. मग पट्ट्यांवर तिरका उजेड पाडला. हस्तिदंती पट्टीचा पुढचा रुंद भाग आणि मागचा अरुंद भाग असे दोन तुकडे असतात. त्यांच्या सांध्याची केसाएवढी रेघ दिसते. तशी रेघ नव्हती, साधं सेल्युलॉइड होतं. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पुढं झालेल्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे आणि हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. पट्ट्यांखाली उंदरांनी नमदा कुरतडला होता, पण तो बदलता येतो. हातोड्यांना तारांचे खोल वण पडले होते. तेही घासून ठीक होतं. वाळवी नव्हती. मागची सुराची फळी एके ठिकाणी चिरली होती, पण खडखडत नव्हती. अशा एकेका गोष्टीवर ते "चालेल" म्हणत होते आणि आमचा जीव भांड्यात पडत होता.

शेवटी त्यांनी किल्ली काढली आणि खालच्या, जाड सुरांच्या एका खुंटीला लावली. तार वर चढवली. सूर बरोबर जुळला. किल्ली काढली, घड्याळ पाहिलं आणि आमच्याशी रेल्वेबद्दल गप्पा मारत उभे राहिले. पाच मिनिटांनी तीच पट्टी दाबली. सूर परत खाली आला होता. त्यांनी शेजारची खुंटी घेतली, तिच्या शेजारची घेतली. टीचरबाई आत चहा करत होत्या.

"व्हरांड्यात येता?" ते म्हणाले.

तिथं त्यांनी सांगितलं ते असं. पियानोच्या सगळ्या तारांचा मिळून ताण १५ ते २० टनांच्या घरात असतो. बिडाची चौकट तो पेलते, पण प्रत्येक तार सुरात धरून ठेवते ती खुंटी, आणि खुंटीला धरतं ते तिच्यामागचं लाकूड. ते लाकूड आपल्याकडच्या उन्हाळ्यात आटतं, पावसाळ्यात फुगतं. शंभर वर्षं आटून-फुगून या पियानोचं खालच्या बाजूचं लाकूड चिरलं होतं. "मधले आणि वरचे सूर मी लावून देईन, ते राहतील काही महिने. खालच्या वीस-बावीस पट्ट्या धरणार नाहीत. जाड खुंट्या घालून बघता येतं, पण चिरलेल्या लाकडात त्याचा भरवसा नाही. नवं लाकूड घालायचं तर सगळ्या तारा उतरवून पियानो मुंबईला न्यावा लागेल. दीड लाखाच्या खाली होणार नाही." मग जरा थांबून, "बाईंना मी सांगू का? फी तुम्ही दिलीय, म्हणून तुम्हाला विचारतो."

"नको," आम्ही म्हणालो, "आम्ही सांगू."

आणि चार दिवस सांगितलं नाही.

त्या चार दिवसांत आम्ही दोघं जेवढं भांडलो तेवढं गच्चीवरूनही भांडलो नव्हतो. आमच्यातल्या एकाचं म्हणणं, बोलायचं कशाला? 'पैशांचं जमत नाही, गच्ची गळते,' एवढं सांगू. ते खोटंही नाही. टीचरबाई हॉटेलवाल्याला देतील, त्यांना ५० हजार मिळतील, त्याला फुलदाणी ठेवायला जागा मिळेल. कुणाचं काय बिघडलं? दुसऱ्याचं म्हणणं, ऐब दाखवून १० हजारांत मागू. वरचे सूर तर चांगले आहेत, लेकीची दोन-तीन वर्षं निघतील. हे ऐकून पहिला चिडला. त्या निम्म्या किमतीत देत होत्या ते पियानो वाजता राहावा म्हणून. आपल्याला माहीत आहे की तो नीट वाजणार नाही. तरी निम्म्याच्याही निम्म्यात घ्यायचा? ती सूट नव्हती, अमानत होती.

बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर दाखवल्याची हदीस आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. ऐब झाकून माल विकू नये. पण ती जबाबदारी विकणाऱ्याची. इथं ओलावा घेणाऱ्याच्या हाताला लागला होता आणि विकणारीला त्याचा पत्ता नव्हता, असं आम्ही धरून चाललो होतो.

तिसऱ्या रात्री लेक पाणी प्यायला उठली आणि आमचं कुजबुजणं ऐकून दारात उभी राहिली. "खालच्या पट्ट्या का?" ती म्हणाली. "त्या तर टीचर वाजवतच नाहीत." तिनं तिच्या सरावाच्या वह्या आणून दाखवल्या. डाव्या हाताच्या ओळींवर जागोजागी पेन्सिलीनं, टीचरबाईंच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'वर घे.' म्हणजे जो सूर खाली छापलाय तो एक सप्तक वर वाजव. लेकीला वाटायचं, तिची बोटं लहान म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघंच गेलो. बोलायला सुरुवात कशी करावी ते रस्ताभर ठरवलं होतं, ते सगळं बाजूला राहिलं. "टीचरबाई, खुंट्या धरत नाहीत म्हणे," एवढंच तोंडून आलं.

त्या उठल्या. झाकण उघडून त्यांनी अगदी डावीकडची एक पट्टी दाबली आणि तो घोगरा, उतरलेला आवाज विरेपर्यंत तशीच धरून ठेवली. "सहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "आधी एक गेला, मग शेजारचा. मी ते टाळून वाजवायला लागले. मुलांच्या वह्यांत 'वर घे' लिहायला लागले. सवय झाली. मग वाटायला लागलं, असाच आहे हा पियानो."

आम्ही काहीच बोललो नाही.

"तुम्हाला सांगायला हवं होतं मी. पण तुम्ही माणूस आणणार म्हणालात ना, तेव्हा वाटलं, तो काहीतरी करील. होईल ठीक. मग तुमच्याकडे ठीक झालेलाच जाईल." त्या बसल्या. "हॉटेलवाला तीनदा येऊन गेला. त्यानं एक पट्टीसुद्धा दाबून पाहिली नाही. म्हणून त्याला द्यायचा नव्हता."

राग आला का आम्हाला? आला, थोडा. चार हजार आणि भाडं आमचं गेलं होतं. पण मग वह्यांतलं ते अक्षर आठवलं आणि आम्हीही तर चार दिवस गप्प बसलो होतो.

त्यांनी आमच्यासमोरच हॉटेलवाल्याला फोन लावला. स्पीकरवर नव्हता, तरी त्याचा आवाज दणदणीत. "हे बघा," टीचरबाई म्हणाल्या, "खालचे सूर राहत नाहीत. आधीच सांगते." पलीकडून तो हसला. "बाई, वाजवणार कोण आहे?" टीचरबाईंनी फोन ठेवला आणि काही वेळ त्या पदराने झाकणावरची धूळ पुसत राहिल्या. तिथं धूळ नव्हती.

पियानो गेला त्या दिवशी लेकीनं शाळा बुडवली. अडीचशे किलोच्या आसपासचं धूड उतरवायला आठ माणसं लागली. टेम्पो निघाल्यावर टीचरबाईंनी ते गोल फिरणारं स्टूल आमच्या दारात आणून ठेवलं. त्याचे पैसे घेतले नाहीत. हॉटेलवाल्याला स्टूल नको होतं. त्यानं जागा मोजली तेव्हा स्टूल धरलंच नव्हतं.

आम्ही सांगलीच्या एका विद्यार्थ्याकडून वापरलेला डिजिटल पियानो ३० हजारांत घेतला. ८८ पट्ट्या, वजनदार. त्याला खुंट्याच नाहीत. मामूंनी येऊन एकदा दाबून पाहिला, "सुरात आहे," म्हणाले आणि चहा घ्यायला बसले. आणखी काही बोलण्यासारखं त्यांना त्यात दिसलं नाही. उरलेल्या ३५ हजारांत गच्चीचा अर्धा भाग झाला, अम्मींच्या पलंगावरचा. बाकीच्या अर्ध्यावर ताडपत्री आहे.

आला त्या दिवशी मगरीबनंतर लेक टीचरबाईंच्या स्टुलावर बसली आणि वीस मिनिटं नुसत्या डावीकडच्या, सगळ्यात खालच्या पट्ट्या वाजवत राहिली. अम्मींनी दोनदा मान वर करून पाहिलं. वह्यांतलं 'वर घे' तिनं खोडलेलं नाही. वाजवताना मात्र पाळत नाही.